"मॅडम, माझा विश्वास कमी पडला का?"

हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल याची मोजदाद नाही. कॅन्सर झालेल्यांनी विचारलाय, मूल होत नाही म्हणून रडणाऱ्यांनी विचारलाय, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत आणि चर्चच्या मंडळीत कुणाला कळू नये म्हणून स्ट्रिपवरचं नाव खरडून टाकणाऱ्या एका कॉलेजच्या मुलानेही विचारलाय. शब्द थोडे इकडे तिकडे होतात पण मूळ दुखणं तेच, मी प्रार्थना केली, उपास केले, चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, डोक्यावर हात ठेवला, तरी मी बरी नाही, म्हणजे खोट माझ्यातच असणार. आमच्या नगर भागातल्या ख्रिस्ती घरांत मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते, आणि आजाराने माणूस जेवढा खचत नाही तेवढा या एका प्रश्नाने खचतो असं माझं मत होत चाललंय.

आज एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत, नाव मुद्दाम घेत नाही, नुसतं ताईच म्हणते.

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा एप्रिल होता, कडक ऊन, आणि त्यांनी दोन्ही हात ओढणीखाली झाकून घेतलेले. वय पन्नाशीच्या आत. "सलाम मॅडम" म्हणाल्या आणि बसल्या. घसा कोरडा पडला होता त्यांचा, पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडायला लागल्या. उघडेना. मी हात पुढे केला तर म्हणाल्या "नको नको, जमतंय मला," मग ओढणीचं टोक झाकणावर गुंडाळलं, मग दातांनी धरून बघितलं, आणि शेवटी बाटली तशीच परत पर्समध्ये ठेवली. पाणी प्यायल्याच नाहीत. मी माठातलं पाणी ग्लासात आणून समोर ठेवलं तर तो ग्लास दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून उचलला त्यांनी. बोटांची पेरं सुजलेली, उजव्या हाताची बोटं करंगळीच्या बाजूला वळायला लागलेली.

आमवात. डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. आपल्या शरीराची जी रोगाशी लढायची शक्ती असते तीच उलटून सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. सकाळी उठल्यावर तास तास हात आखडलेले, मूठ वळत नाही, भाकरी थापणं तर दूरच, ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत. हे सगळं त्यांनी मला अगदी रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं, डोळ्यात टिपूस नाही. पण एका ठिकाणी आवाज अडकला. म्हणाल्या, "मी बावीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवली."

बावीस वर्षं. आईनं शिकवलेली पेटी. उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातली गाणी त्यांना नंबरासकट पाठ, पाळकांनी नुसता आकडा सांगितला की बोटं आपोआप सुरावर जायची. नाताळ असो, मयत असो, लग्न असो, ताई पेटीवर. आणि आता मागच्या सात महिन्यांपासून पेटी बंद. चर्चमध्ये काय सांगितलं होतं माहितीये? सर्दी आहे म्हणून. मग म्हणे घरी पाहुणे. मग सासूबाईंची तब्येत. पेटी वाजवायला जायचं नाही म्हणून हळूहळू चर्चमध्ये जाणंच बंद झालं.

आता मधली गोष्ट, जी त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितली. आजार कळल्यावर औषधं सुरू झाली होती आणि लागूही पडत होती. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, मधून मधून रक्त तपासायचं, लिव्हर नीट आहे का बघायला. चार-पाच महिन्यांत सूज बरीच उतरली होती. मग कुणीतरी त्यांना एका मोठ्या चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेला, घेऊन गेलं. स्टेजवरून सांगितलं गेलं की जो विश्वास धरतो त्याला औषधाची गरज नाही, गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. ताई रडत रडत पुढे गेल्या, हातावर तेल लावलं, त्या क्षणी दुखणं खरंच थांबल्यासारखं वाटलं त्यांना, आणि मी तरी हे खोटं म्हणणार नाही, त्या गर्दीत त्या गाण्यांत माणसाला वाटू शकतं तसं. घरी येऊन गोळ्यांची पिशवी कचऱ्यात टाकली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, प्रभूने मला बरं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या काही आठवड्यांत आजार उसळला, आणि आधीपेक्षा वाईट. पण आता सांगणार कुणाला? साक्ष दिलेली. पुन्हा डॉक्टरकडे जायचं तर कुठल्या तोंडाने जायचं, आणि चर्चला जायचं तर देवाला खोटं पाडल्यासारखं. एकाने तर घरी येऊन विचारलं, "ताई, घरात काही लपलेलं पाप आहे का बघा." त्या रात्री त्यांनी आठवून आठवून लहानपणापासूनची पापं वहीवर लिहायचा प्रयत्न केला. पेन धरवत नव्हतं. दुखऱ्या हातात पेन धरून रात्री दोन वाजता ही बाई स्वतःची पापं लिहितेय, हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही, आणि राग येतो मला, खरंच येतो, असलं काही कुणाच्या दारात जाऊन बोलणाऱ्यांचा.

मी त्यांना सरळ विचारलं, "ताई, जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" हे विचारायला लोक घाबरतात, वाटतं की विचारलं तर डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही. उलट माणूस मोकळं होतं. त्या म्हणाल्या, "मरायचं असं नाही, पण सकाळ होऊ नये असं वाटतं." हेही मी हलकं धरत नाही. त्यांच्या नवऱ्याला, दादांना, त्यांच्यासमोरच बोलावून घेतलं, रात्री एकटं सोडायचं नाही असं ठरवलं, ताईंबद्दल भीती जास्त वाटली तर कधीही फोन करता येईल असा सरकारी टेलि-मानसचा नंबर १४४१६ दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला, आणि मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला तसं वाटत असेल तर कृपा करून पुढचं नंतर वाचा, आधी हा फोन लावा, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

मग पहिलं काम काय? पहिलं काम बायबल नाही. पहिलं काम परत डॉक्टरकडे जाणं. मी डॉक्टर नाही, गोळी कुठली, किती, हे सांगणं माझं काम नाही, पण त्यांच्यासोबत हॉस्पिटलमध्ये जाऊन बाकावर बसणं हे काम होतं आणि ते मी केलं. त्यांना वाटत होतं डॉक्टर ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "असे खूप येतात, बरं झालं आलात."

हे करताना मला एलीया आठवत होता. बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात हा एवढा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो की आता पुरे झालं, माझा जीव घे. आणि देव काय करतो? उपदेश करत नाही, विश्वास कुठे गेला म्हणून झापत नाही. झोपू देतो. मग दूत उठवतो, भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. खातो, परत झोपतो. दूत पुन्हा उठवतो, खा म्हणतो, तुला लांब जायचंय. बोलणं सगळं नंतर. थकलेल्या माणसाशी कसं वागायचं हे मला कुठल्या कोर्समध्ये एवढं नीट कुणी शिकवलं नाही.

महिन्याभराने, गोळ्या परत सुरू होऊन झोप जरा लागायला लागल्यावर, आम्ही तो प्रश्न हातात घेतला. माझा विश्वास कमी पडला का.

ताईंच्या घरात, दिवाणखान्यात, त्यांच्या आईने भरतकाम केलेली एक फ्रेम आहे, "माझी कृपा तुला पुरे आहे". बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय १२, वचन ९. शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या शाळेपासून पाठ. मी म्हटलं आज हे वचन वाचायचं नाही, त्याच्या आधीची दोन वाचा. त्यांनी वाचली. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो माझ्या शरीरात एक काटा आहे, तो जावा म्हणून मी तीनदा प्रभूला विनंती केली.

मी विचारलं, "तीनदा मागितलं. मिळालं का?"

त्या थांबल्या. परत वाचलं. "नाही मिळालं."

"पौलाचा विश्वास कमी होता?"

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मॅडम, हे मी पन्नास वेळा वाचलंय. फ्रेम रोज पुसते. पण ही नकाराची फ्रेम आहे हे मला कधी कळलंच नाही."

आपल्याकडे ते वचन वेगळं काढून भिंतीवर लावलं जातं, कॅलेंडरवर, कपवर, आणि मग ते गोड वाटतं. पण ते एका न मिळालेल्या चंगाईचं उत्तर आहे. काटा नक्की काय होता हे पौल सांगत नाही, डोळ्यांचा त्रास, मलेरियासारखा ताप, फिट्स, लोकांनी खूप तर्क केलेत, पण त्याने नाव घेतलेलं नाही आणि मला वाटतं बरंच झालं, नाहीतर ते वचन त्या एकाच रोगाच्या लोकांचं झालं असतं. आणि हा तोच पौल, ज्याच्या हातून इतर लोक बरे झाले. त्याच पौलाने तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे जिच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही, त्रफिमाला मी मिलेत इथे आजारी सोडून आलो. बस एवढीच. त्रफिम हा पौलाचा सोबती, आजारी होता, बरा झाला नाही, पौल पुढे गेला. कुणी त्याला पाप विचारलं नाही. आणि तीमथ्याला स्वतःला पोटाचा आणि वारंवार आजारी पडण्याचा त्रास होता, त्याला पौल काय सांगतो, नुसतं पाणी पिऊ नको, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. त्या काळातलं औषधच ते. उपचार घे असंच सांगतोय ना तो. ताईंनी या ओळी स्वतः शोधून काढल्या, बोटाने पान उलटत नव्हतं तर तळहाताने सरकवत होत्या.

मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. त्या भडकल्या. "मग माझ्या घरी येऊन पाप विचारणाऱ्यांना हे माहीत नव्हतं का? त्यांच्या बायबलमध्ये नाहीये का हे?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या, चांगल्या अर्धा तास. मी मध्ये काही बोलले नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा आलेले त्याचे मित्र नंतर कितीही चुकीचं बोलले असले तरी सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तेवढं त्यांचं बरोबर होतं.

इथे मला एक गोष्ट बाजूला काढून सांगायचीच आहे कारण याच वचनाने लोकांचं वाटोळंही झालेलं बघितलंय. त्याच वचनात पुढे येणारं "अशक्तपणात शक्ती" हे नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सांगायचं नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईला तेच सांगितलं गेलं होतं, सोस, हा तुझा काटा आहे. नाही. पौलाने काटा काढून टाकायला तीनदा विनवणी केली, तो काटा कुरवाळत बसला नाही. आणि जे दुःख दुसरा माणूस आपल्याला देतोय आणि जे थांबवता येतं, ते थांबवायचं, घराबाहेर पडायचं, मदत घ्यायची, पोलिसात जायचं असेल तर जायचं. त्याच पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने मी रोमी नागरिक आहे म्हणून सरळ कायदा दाखवला, प्रेषितांची कृत्ये २२ मध्ये आहे. जे टळू शकत नाही त्याच्यात देव भेटतो हे वेगळं, आणि जे टाळता येतं ते देवाच्या नावावर लादणं वेगळं.

तर ताई. एवढं सगळं झाल्यावर सगळं सुरळीत झालं असं वाटलं का? छे. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "तुमच्यासमोर बसले की सगळं पटतं, रात्री दोन वाजता हात ठणकायला लागला की काहीच पटत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तसं मी त्यांना सांगितलं.

आणि एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगते कारण आपण सगळेच ती करतो. मी वेल्लोरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगला गेले होते तेव्हा डॉ. मेरी व्हर्गीस यांच्याबद्दल खूप ऐकलं होतं. तरुण डॉक्टर, १९५४ मध्ये गाडीचा अपघात झाला, मणक्याला मार बसून कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं, चेहऱ्यालाही इजा झाली. त्यानंतर व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांची ऑपरेशन्स केली, तिथले सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांच्या हाताखाली, आणि पुढे वेल्लोरलाच अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग उभा केला, १९७२ ला पद्मश्री मिळाली. हात हा विषय होता म्हणून मी उत्साहाने ही गोष्ट ताईंना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, त्या डॉक्टर होत्या. मी पोळ्या लाटणारी आणि पेटी वाजवणारी बाई आहे, मला तेही जमत नाही आता. मला कुठल्या मोठ्या बाईची गोष्ट सांगू नका." बरोबर होतं त्यांचं. दुखत असलेल्या माणसासमोर दुसऱ्याच्या विजयाची गोष्ट ठेवली की ती ओझं होते, आणखी एक परीक्षा जिच्यात आपण नापास. मी माफी मागितली.

मग आम्ही उलट्या बाजूने गेलो. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र काढलं. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेड येतो, पण देवा तू चांगला आहेस असं काहीतरी. या स्तोत्रात येत नाही. ते अंधारातच संपतं. आणि तरी ते देवाच्या पुस्तकात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. मी म्हटलं, तुमचं ८८ वं स्तोत्र करा. लिहिता येत नव्हतं म्हणून फोनवर व्हॉइस रेकॉर्ड करायचं, रात्री दोन वाजता, जे असेल ते, प्रार्थनेची भाषा नको, हे कृपाळू पित्या वगैरे नको.

आठ दिवसांनी त्यांनी मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं. घड्याळाची टिकटिक, लांबून कुत्री, आणि त्यांचा दबका आवाज, शेजारी दादा झोपलेले म्हणून दबका, "तू गप्प का आहेस, बावीस वर्षं वाजवलं तुझ्यासाठी, एक पैसा घेतला नाही, मग हातच का, पाय घ्यायचा होतास..." असं चार मिनिटं. आणि शेवटी, "...आता झोपते. तू जागा राहा."

मी गप्प बसून राहिले ते ऐकून. ताईंना विचारलं हे शेवटचं काय म्हणालात. त्यांना आठवतही नव्हतं. त्यांना वाटत होतं त्यांनी देवाशी भांडण केलं, विश्वास संपला. आणि इकडे "तू जागा राहा" म्हणून ती बाई त्याच्या भरवशावर झोपून गेली होती. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः काय करत होता, माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय म्हणाला, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणाला, आणि मित्रांना म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. त्यालाही प्याला टळला नाही. मी हे समजावलं नाही त्यांना, त्यांनीच काढलं, "म्हणजे त्यालाही एकटं वाटलं की मॅडम." मला वाटतं ख्रिस्ती विश्वासातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, आपला देव दुखण्याच्या बाहेर उभा राहून सूचना देत नाही, त्याच्या हातांना खिळ्यांची भोकं आहेत. ताईंनी त्यावर स्वतःचे हात बघितले होते बराच वेळ.

पौलाचं ते वचन पुढे असं आहे की ख्रिस्ताचं सामर्थ्य माझ्यावर येऊन राहावं म्हणून मी माझ्या अशक्तपणाची प्रौढी मिरवीन. मूळ ग्रीकमध्ये "येऊन राहावं"साठी जो शब्द आहे त्यात तंबू ठोकायचा, राहुटी घालायचा अर्थ आहे. आणि पौलाचा धंदा काय होता? राहुट्या करायचा. स्वतः राहुट्या शिवणारा माणूस सांगतोय की माझ्या दुबळेपणावर त्याने राहुटी घातली. आता राहुटी म्हणजे काय, तिने ऊन संपत नाही, वारा थांबत नाही, माणूस उघड्यावर राहत नाही एवढंच. ताईंना हे फार आवडलं. त्या लहानपणी आजोळी धनगरांच्या राहुट्या बघायच्या म्हणे, दोन काठ्या आणि एक घोंगडं, त्यात अख्खं कुटुंब पावसात.

पण घोंगडं ताणायला चार टोकं धरावी लागतात ना. ताईंना टोक कुणाच्या हातात द्यायचंच नव्हतं. मंडळीच्या प्रार्थना साखळीत, जिथे एकेकाने आपल्या ठरलेल्या वेळी प्रार्थना करायची, त्या वर्षानुवर्षं होत्या, सगळ्यांसाठी पहाटेची वेळ त्यांची, पण स्वतःसाठी कधी विषय दिला नव्हता. आमच्यातल्या कर्त्या बायकांचं हे असंच असतं, द्यायची सवय, घ्यायची लाज, आणि त्यालाच आपण श्रद्धा समजतो. मी त्यांना एवढंच सांगितलं की दोन माणसं निवडा, फक्त दोन, ज्यांना खरं काय ते सांगायचं. एक त्यांनी पाळकांच्या मिसेसना निवडलं. दुसरी निवडली ती धक्काच होता मला, शेजारची दहावीतली मुलगी, जी लहानपणी पेटीजवळ येऊन भाता धरायला बघायची.

ऑगस्टमधली गोष्ट असेल, आल्या, बसल्या, पर्समधून बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. "उघडून द्या." बस, दुसरं काही नाही. मी उघडून दिली, त्या प्यायल्या, आणि आम्ही दुसऱ्या विषयावर बोलायला लागलो.

औषधाने सूज बरीच उतरली, पण वळलेली बोटं परत सरळ झाली नाहीत, हेही सांगून ठेवते. मधले ते महिने औषध नव्हतं त्यात जे नुकसान झालं ते झालं. प्रार्थना बंद केलीत का असं मला एकीने विचारलं ही गोष्ट ऐकून. नाही, अजिबात नाही. याकोबाच्या पत्रात आहे की आजारी असेल त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि ताईंसाठी पाळकांनी घरी येऊन तेच केलं. फरक एवढाच की यावेळी प्रार्थना झाल्यावर पाळकांनी विचारलं, "शनिवारची गोळी घेतली का?"

नोव्हेंबरात उपकारस्तुतीच्या भक्तीत ताईंनी परत साक्ष दिली. त्याच जागेवर उभं राहून. मी तिथे नव्हते, दादांनी सांगितलं मला. म्हणाल्या, "मागच्या वेळी मी इथे सांगितलं मी बरी झाले. मी बरी झाले नव्हते. मी गोळ्या टाकून दिल्या होत्या, परत सुरू केल्यात. माझे हात असे आहेत," आणि हात ओढणीच्या बाहेर काढून वर धरले, "प्रभू माझ्याजवळ आहे, आणि मी बरी नाही, दोन्ही खरं आहे." यावेळी टाळ्या नाही वाजल्या. पण भक्ती संपल्यावर चर्चच्या आवारात लिंबाखाली लोक एकेक करून त्यांच्याजवळ यायला लागले. एक आजोबा, ज्यांना बरीच वर्षं फिट्स येतात आणि जावयालाही माहीत नव्हतं. एक नवी नवरी, दोनदा गर्भ पडलेली. शब्बाथ शाळेचा एक शिक्षक म्हणाला मला रात्रीची झोप नाही, तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जाता. दादा म्हणाले, "मॅडम, घरी यायला अडीच वाजले, मटण गार झालं."

त्यानंतर कधीतरी ताईंनीच विचारलं, "ती तुमची वेल्लोरची डॉक्टर, तिला राग नव्हता का येत देवाचा?" मी म्हटलं अपघातानंतरचे महिने तिला फार कठीण गेले. म्हणाल्या, "मग सांगा आता तिची गोष्ट." यावेळी पूर्ण ऐकली.

आता भेटी संपल्यात, मधून मधून फोन असतो. मागच्या रविवारी फोन आला. शनिवारची गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी त्यांना मळमळतं, अंगात त्राण नसतं, त्यामुळे भक्तीला गेल्या नव्हत्या, पडून होत्या. पूर्वी अशा दिवशी त्या देवाची माफी मागत बसायच्या. यावेळी त्या मुलीने चर्चमधून फोन लावला होता, पेटीवर नुसता ठेवून दिला, काही न बोलता. मुलगी दुसऱ्या कडव्यात अडखळली, भाता सोडला, परत सुरुवातीपासून घेतलं. "मी ऐकत होते," ताई म्हणाल्या, "आणि दादा म्हणतात माझी बोटं गोधडीवर हलत होती."